एक नोंद, तीन ठिकाणीं

मॅट्रिक व त्यापुढें अध्यापनाची पदविका एवढीच ज्याची विद्या, आणि खडू-फळ्याच्या सहवासांत ज्याचीं छत्तीस वर्षें गेलीं, अशा एका निवृत्त मास्तरानें संगणकाच्या डेटाबेसविषयीं आपणांपुढें बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मलाहि तें वाटतें. परंतु हा विषय माझ्याकडे चालत आला तो संगणकाच्या वाटेनें नव्हे, तर एका लोखंडी कपाटाच्या वाटेनें. म्हणून प्रथम त्या कपाटाची हकीकत सांगतों.

कृष्णाकांठच्या एका गांवीं मी ज्या शाळेंत होतों, तेथें इतर सर्व शाळांप्रमाणें एक जनरल रजिस्टर असे. विद्यार्थ्याचें नांव, आईचें नांव, जात, जन्मतारीख, तो कोणत्या शाळेंतून आला, त्यानें शाळा केव्हां सोडली, हें सर्व त्यांत लिहिलेलें. शाळा सोडल्याचा दाखला याच वहीवरून निघतो, आणि पुढें नोकरी असो, जातीचें प्रमाणपत्र असो, कीं निवृत्तिवेतन असो, प्रत्येक दारीं तोच कागद मागतात. हें रजिस्टर नष्ट होऊं नये म्हणून मीं दोन उन्हाळ्याच्या सुट्या खर्चून त्याची दुसरी प्रत स्वहस्तें लिहून काढली. आणि ती सुरक्षित राहावी म्हणून, आज सांगतांना लाज वाटते, मूळ रजिस्टर ज्या कपाटांत होतें त्याच कपाटांत, त्याच्या शेजारीं ठेवून वर कुलूप लावलें. २०१९ सालच्या ऑगस्टांत महापूर आला. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलें तेव्हां दोन्ही प्रतींचा मिळून एकच लगदा झाला होता. कुलूप मात्र शाबूत होतें.

मी तेव्हां नुकताच निवृत्त झालों होतों. पुढें दोन वर्षांनीं माझी एक जुनी विद्यार्थिनी परिचारिकेच्या जागेसाठीं जन्मतारखेचा पुरावा शोधत माझ्या दारीं आली. ती पांचवीला आमच्याकडे आली होती शेजारगांवच्या प्राथमिक शाळेंतून. त्या शाळेंत तिच्या दाखल्याची स्थळप्रत सुदैवानें शिल्लक होती. पण तींत तारीख होती ३ जून. मला पक्कें आठवत होतें कीं तिच्या वडिलांनीं ग्रामपंचायतीचा उतारा आणून दाखविल्यावर आमच्या रजिस्टरांत ती तांबड्या शाईनें १३ जून अशी दुरुस्त झाली होती. ती दुरुस्ती त्या प्राथमिक शाळेस कोणीं कळविलीच नव्हती. आणि मास्तरांची आठवण हा कांहीं पुरावा नव्हे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवरून शेवटीं १३ हीच तारीख खरी ठरली, पण तोंवर त्या जागेची मुदत टळून गेली होती. दुसरी जागा तिला पुढें मिळाली. मधलीं दीड वर्षें मात्र गेलीं तीं गेलींच.

त्या दिवसापासून चार प्रश्न माझ्या डोक्यांतून हलेनात. एका नोंदीच्या प्रती किती असाव्या? त्या कोठें असाव्या? एकींत केलेली दुरुस्ती बाकीच्यांत कशी पोहोंचावी? आणि दोन प्रती दोन गोष्टी सांगूं लागल्या तर खरी कोणती मानावी? माझा पुतण्या पुण्यास संगणकाचें काम करतो. त्यास हें बोलून दाखविलें तेव्हां तो हंसला व म्हणाला, "काका, तुमच्या या चार प्रश्नांवर लोकांनीं अख्खे डेटाबेस लिहिले आहेत. त्यांतला एक तुम्हांला उघडून दाखवूं का?"

"उघडून म्हणजे?"

"म्हणजे त्याचा सोर्स कोड आणायचा, आपल्या हातानें बांधायचा, आणि चालवून पाहायचा."

"अरे, माझें इंग्रजी वर्तमानपत्रापुरतें."

"तेवढें पुरे आहे, काका. तुम्ही आज्ञा टंकायच्या. कोठें अडलें तर मी आहेंच."

त्यानें निवडलेल्या डेटाबेसचें नांव कॅसँड्रा. ग्रीक पुराणांतील ही राजकन्या भविष्य खरें सांगे आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे. नोंदी सांभाळणाऱ्या वस्तूस हें नांव देणाराच्या विनोदबुद्धीस नमस्कारच केला पाहिजे. याचा जन्म असा: गूगलच्या लोकांनीं २००६ सालीं बिगटेबल नांवाच्या आपल्या साठ्याविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला, व अमेझॉनच्या लोकांनीं २००७ सालीं डायनॅमोविषयीं दुसरा. डायनॅमोच्या लेखकांपैकीं एक अविनाश लक्ष्मण. ते पुढें फेसबुकांत गेले, आणि तेथें प्रशांत मलिक यांच्यासह त्यांनीं या दोन निबंधांतील कल्पना एकत्र करून कॅसँड्रा रचला. लोकांच्या टपालपेटींतील जुनीं पत्रें शोधून देणें हें त्याचें पहिलें काम. जून २००८ मध्यें सुमारें दहा कोटि लोकांसाठीं तें सुरू झालें. पुढच्याच महिन्यांत त्याची संहिता सर्वांस खुली करण्यांत आली. २००९ सालीं ती अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आली आणि फेब्रुवारी २०१० मध्यें तेथील पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाली. गंमत अशी कीं त्याच वर्षाच्या अखेरीस फेसबुकनें आपल्या निरोपांसाठीं एचबेस नांवाचा दुसराच साठा पसंत केला. घरच्यांनीं पाठ फिरविली, पण दार आधींच उघडें होतें, म्हणून मूल बाहेर वाढलें.

सोर्स कोड म्हणजे मूळ संहिता. संगणक जें प्रत्यक्ष चालवितो तें यंत्रासाठीं दळून काढलेलें पीठ. माणसानें लिहिलेले व माणसास वाचतां येणारे शब्द म्हणजे धान्य. ओपन सोर्स याचा अर्थ धान्य सर्वांस पाहतां येतें, इतकेंच नव्हे. अपाचे परवान्याची दुसरी आवृत्ति, जी २००४ सालची आहे, ती असें सांगते कीं ही संहिता घ्या, वापरा, बदला, बदललेली दुसऱ्यास द्या किंवा विका. मात्र मूळ हक्काची नोंद व परवाना काढून टाकूं नका, आणि जेथें बदल केला तेथें केल्याचें लिहा. अपाचेच्या मंडळींत तर अधिकृत प्रकाशन म्हणजे संहिताच. तयार पीठ केवळ सोयीसाठीं देतात. प्रकाशनापूर्वीं मतदान होतें, सामान्यतः निदान ७२ तास चालतें, आणि प्रकल्पसमितीच्या किमान तीन सभासदांनीं होकार द्यावा लागतो. तीन हा आंकडा आपणांस आज पुन्हां भेटणार आहे.

आतां प्रत्यक्ष बांधणी. पुतण्याचा जुना लॅपटॉप मजपाशीं होता, त्यावर लिनक्स. लागणारीं हत्यारें थोडीं: संहिता उतरवून घेण्यास गिट, जिच्यांत ती लिहिली आहे ती जावा भाषा, बांधणीचा मुकादम म्हणावा असा अँट नांवाचा कार्यक्रम, आणि पुढें प्रश्न विचारण्यासाठीं पायथन. गिट क्लोन ही आज्ञा दिली कीं साऱ्या इतिहासासह संहिता घरीं येते. कोणीं कोणत्या दिवशीं कोणती ओळ कां बदलली हेंहि त्यांत. एवढी नेटकी कीर्द मीं कोणत्याहि शाळेंत पाहिली नाहीं. उतरवून घेतल्यावर शाखा निवडावी लागते. ट्रंक म्हणजे खोड. त्यावर पुढच्या आवृत्तीचें काम चाललेलें असतें, व नवशिक्यानें तेथें न चढलेलें बरें. आम्हीं ५.० ही शाखा घेतली. ती आवृत्ति सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली.

मग मोठ्या उत्साहानें मीं 'अँट जार' असें टंकलें, आणि क्षणांत नकार मिळाला. लॅपटॉपवर जावाची सर्वांत नवी आवृत्ति होती, आणि ५.० ची शाखा ११ किंवा १७ यांवांचून दुसरी मानीत नाहीं. नवें तें अधिक चांगलें हा माझा समज तेथेंच गळाला. १७ क्रमांकाची जावा बसविली व जावा-होम या नांवाखालीं तिचा पत्ता लिहिला, तेव्हां मुकादम कामास लागला. पहिला बराच वेळ तो इतरांनीं लिहिलेलीं साहाय्यक ग्रंथालयें इंटरनेटवरून आणीत होता. हें लक्षांत ठेवावें कीं संहिता आपण आणली तरी तिच्या खालचे पुष्कळसे दगड परक्यांच्या खाणींतले असतात. त्यानंतर हजारों फाइलींचें भाषांतर यंत्राच्या बोलींत झालें, आणि शेवटीं 'बिल्ड सक्सेसफुल' हे दोन शब्द उमटले. बिल्ड नांवाच्या फोल्डरांत एक जार फाईल तयार झाली होती, व तिच्या नांवाच्या शेवटीं स्नॅपशॉट असें लिहिलें होतें. म्हणजे हें प्रकाशित नाणें नव्हे, वाटेंतच टिपलेलें चित्र होय. मला तें शेपूट आवडलें. आपण कोण नव्हे हें स्वतःच सांगणारी वस्तु विरळा.

आपण विचाराल, तयार पीठ मिळत असतां हा खटाटोप कशासाठीं? चालविण्यापुरता तो अनावश्यक आहे, हें मी मान्य करतों. पण मला चालवायचें नव्हतें, समजून घ्यायचें होतें. पुस्तकांत वाचलें कीं हीं यंत्रें दर सेकंदास एकमेकांची विचारपूस करतात. मीं गॉसिपर नांवाची फाईल उघडली, आणि तेथें एक हजार मिलिसेकंद असा आंकडा मला माझ्या डोळ्यांनीं दिसला. वर्गांत मुलांना मी नेहमीं म्हणे, उत्तर गाइडांत पाहूं नका, गणित सोडवा. तें सुख साठीनंतर मला स्वतःस मिळालें.

एक यंत्र चालू करणें सोपें. 'बिन/कॅसँड्रा' असें टंकून पुढें एफ हें अक्षर जोडलें कीं त्याची बडबड समोरच दिसत राहते. पण एकट्यानें आपले प्रश्न सुटत नाहींत. आम्हांला तीन हवे होते. प्रत्येक चालत्या प्रतीस नोड म्हणतात. एकाच लॅपटॉपवर तीन नोड चालवायचे तर प्रत्येकास निराळा पत्ता लागतो. संगणकाचे स्वतःशीं बोलण्याचे पत्ते १२७.०.०.१, २ व ३ असे घेतले. प्रत्येकाचें निराळें कॉन्फ फोल्डर, निराळें नोंदींचें फोल्डर, आणि देखरेखीच्या दाराचा निराळा क्रमांक. तो नेहमीं ७१९९ असतो, तिघांचा एकच राहिला तर दुसरा नोड उठतच नाहीं. मेमरीचीहि मर्यादा घालावी लागली. मोकळें सोडलें तर आठ गिगाबाइटच्या यंत्रावर एकेक नोड स्वतःस सुमारें दोन गिगाबाइट घेतो, आणि तिघे मिळून लॅपटॉपचा श्वास कोंडतात. आम्हीं प्रत्येकास ५१२ मेगाबाइट दिले.

कॅसँड्रा-डॉट-यामल ही फाईल म्हणजे प्रत्येक नोडची नेमणूकपत्रिका. समूहाचें नांव, स्वतःचा पत्ता, आणि बीजनोडांचे पत्ते त्यांत लिहितात. बीजनोड हा मुख्याध्यापक नव्हे, हें मला नीट समजण्यास दोन दिवस लागले. नवागतानें प्रथम कोणास विचारावें एवढेंच तें उत्तर आहे. एकदां ओळखी झाल्या कीं सर्व नोड सारख्या अधिकाराचे. येथें मुख्याध्यापकच नाहीं, म्हणून मुख्याध्यापक रजेवर गेल्यानें शाळा बंद पडण्याचा प्रश्नहि नाहीं. नोड एकामागून एक उठवावे, घाई करूं नये; नवा नोड वाटा घेण्यापूर्वीं निदान अर्धा मिनिट कानोसा घेतो, आणि दोघे एकदम आंत येऊं लागले तर त्यांतील एकास थांबविलें जातें. नोडटूल स्टेटस या आज्ञेनें हजेरी दिसते. यू-एन म्हणजे उठलेला व सामान्य, यू-जे म्हणजे रुजू होत असलेला, डी-एन म्हणजे आडवा. तीन ओळींपुढें तीन वेळां यू-एन उमटलें तेव्हां मीं स्वयंपाकघरांतून सौभाग्यवतींना बोलावून तें दाखविलें. त्या म्हणाल्या, "हजेरीच घ्यायची होती तर शाळा सोडलीत कशाला?"

आतां नोंद कोठें जाते तें पाहूं. प्रत्येक नोंदीस एक किल्ली असते. त्या किल्लीवर एक ठराविक गणिती क्रिया करून एक संख्या काढतात. ती एकोणीस आंकडी ऋण संख्येपासून एकोणीस आंकडी धन संख्येपर्यंत कोठेंहि पडते. हा सारा पट्टा वाकवून त्याचें वर्तुळ केलें आहे अशी कल्पना करा. त्या वर्तुळाचे तुकडे नोडांत वांटलेले असतात, ५.० मध्यें न सांगतां प्रत्येकास सोळा तुकडे मिळतात. संख्या ज्याच्या तुकड्यांत पडेल तो पहिला धारक, आणि वर्तुळावर पुढें चालतांना भेटणारे निराळे नोड हे पुढचे धारक. किती धारक हवेत तें आपण सांगावयाचें. आम्हीं तीन सांगितले. नोड तीन व प्रती तीन, म्हणून आमच्याकडे प्रत्येकापाशीं सर्व कांहीं होतें. नोड तीनशें असते तर कोणती नोंद कोणत्या तिघांकडे आहे हें कोणत्याहि यादींत न पाहतां त्या गणितावरून कळलें असतें.

धारकाच्या घरीं नोंद पोहोंचली कीं ती प्रथम कमिटलॉग नांवाच्या रोजकीर्दीस जोडली जाते व त्याच वेळीं मेमरींतील तक्त्यांत बसते. तक्ता भरला कीं तो क्रमवार लावून डिस्कवर लिहितात, आणि एकदां लिहिलेली ती फाईल पुन्हां कधींहि खोडत नाहींत. दुरुस्ती म्हणजे नवी ओळ, नव्या वेळेसह. वाचतांना ज्या ओळीची वेळ सर्वांत अलीकडची ती खरी; जुन्या फाइली मागाहून एकत्र करून शिळ्या ओळी गाळल्या जातात. माझ्या चौथ्या प्रश्नाचें उत्तर हें: नंतरची तांबडी शाई जिंकते. पण यांत एक मेख आहे. वेळ कोणाच्या घड्याळाची? ज्या यंत्राचें घड्याळ दहा मिनिटें पुढें आहे त्याची जुनी चूक दुसऱ्याच्या नव्या दुरुस्तीस हरवील, आणि कोणास पत्ताहि लागणार नाहीं. म्हणून सर्व यंत्रांचीं घड्याळें इंटरनेटवरील कालदर्शकांशीं जुळवून ठेवणें हा येथें शिष्टाचार नव्हे, सत्याचा प्रश्न आहे. आणि रोजकीर्दीविषयींहि एक गोष्ट कोणी चटकन सांगत नाहीं: नेहमींच्या मांडणींत ती डिस्कवर पक्की होते दर दहा सेकंदांनीं. मध्येंच वीज गेली तर त्या एका नोडची तेवढी आठवण पुसते. बाकीचे दोघे आहेत म्हणून तें चालतें.

मग आम्हीं परीक्षा घेतली. प्रत्यक्ष विद्यार्थ्यांचीं नांवें असल्या खेळांत घालणें मला योग्य वाटलें नाहीं. अ, ब, क अशीं नांवें घेतलीं. विद्यार्थिनी अ, जन्मतारीख ३ जून, ही नोंद तिन्ही नोड चालू असतां केली. नंतर तिसरा नोड बंद केला आणि तारीख १३ जून अशी दुरुस्त केली. येथें आपण किती धारकांची पोंच मागतों हें महत्त्वाचें. 'वन' म्हटलें तर एकाची पुरते, 'ऑल' म्हटलें तर सर्वांची, आणि 'कोरम' म्हटलें तर निम्म्याहून अधिकांची, म्हणजे तिघांपैकीं दोघांची. कोरम हा शब्द आपणांस सभेंतून माहीत आहेच. मीं कोरमनें लिहिलें. दोघे जागे होते, लिहिलें गेलें. आतां तिसऱ्याच्या घरीं जुनीच तारीख आहे. ती प्राथमिक शाळेंतली स्थळप्रत मला तेथें साक्षात् दिसली. पण वाचणारानेंहि कोरम मागितला तर त्यास तिघांपैकीं कोणत्याहि दोघांची उत्तरें ऐकावीं लागतात, आणि त्या दोघांत दुरुस्ती पाहिलेला निदान एक असतोच. कारण दोन आणि दोन चार, व चार तिनांहून मोठे. ही बेरीज मीं चौथीच्या मुलांस शिकविली आहे. माझ्या विद्यार्थिनीस मात्र एकाच प्रतीच्या साक्षीवर अडविलें गेलें होतें, आणि ती प्रत नेमकी शिळी होती.

तिसरा नोड पुन्हां उठविला. जे दोघे जागे होते त्यांपैकीं ज्यानें लिखाणाची आज्ञा घेतली होती, त्यानें गैरहजर मित्रासाठीं एक चिठ्ठी राखून ठेवली होती. ती थोड्या वेळांत त्यास पोहोंचली व त्याच्याकडील तारीखहि १३ झाली. या चिठ्ठ्या मात्र गैरहजेरीच्या पहिल्या तीन तासांपुरत्याच लिहिल्या जातात. त्याहून अधिक वेळ कोणी गैरहजर राहिला तर नोडटूल रिपेअर ही आज्ञा देऊन सर्व वह्या ताडून पाहाव्या लागतात.

पुढची परीक्षा अधिक कठीण. दोन नोड बंद केले व एकट्यास कोरमनें लिहावयास सांगितलें. आज्ञा जरा लवकर दिली, तर उत्तर आलें कीं वेळ टळली. पुतण्यानें येथें मला थांबविलें. "काका, वेळ टळली म्हणजे लिहिलें नाहीं असें नव्हे. लिहिलें कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, असा त्याचा अर्थ." थोडे सेकंद गेले, दोघे आडवे झाल्याचें एकट्यास कळलें, आणि मग तीच आज्ञा दिली तेव्हां उत्तर स्वच्छ आलें: दोन हवेत, एक जिवंत आहे, लिहीत नाहीं. श्रोते हो, माझ्या मतें सर्व प्रयोगांत मोलाचा क्षण तो. एरिक ब्रूअर यांनीं २००० सालीं जें अनुमान मांडलें व गिल्बर्ट आणि लिंच यांनीं २००२ सालीं जें सिद्ध केलें, तें हेंच: यंत्रांचा आपसांतील संबंध तुटला असतां, प्रत्येक प्रश्नास उत्तर देणें आणि सर्वांनीं एकच खरें उत्तर देणें, या दोहोंपैकीं एक सोडावेंच लागतें. 'वन' असें म्हटलें असतें तर त्या एकट्यानें मुकाट्यानें लिहून घेतलें असतें. बाजारांतील मालाला मिळालेल्या पसंतीच्या खुणा मोजायच्या असतील तर तसें करावें. जन्मतारखेस मी कोरमच मागेन, आणि दार बंद मिळालें तर उद्यां येईन.

खोडण्याची रीतहि ऐकण्यासारखी आहे. लिहिलेली फाईल खोडत नाहींत, मग नोंद काढून कशी टाकतात? तर 'ही नोंद गेली' अशी आणखी एक नोंद करतात. तिचें नांव टूम्बस्टोन, थडग्यावरचा दगड. तो दगड ८६४००० सेकंद, म्हणजे दहा दिवस, राखून मग काढतात. एखादा नोड दहा दिवसांहून अधिक झोंपून, वह्या न ताडतां परत आला, तर त्याच्यापाशीं ती जुनी नोंद असते आणि बाकीच्यांचा दगड हरवलेला असतो. मग मेलेली नोंद जिवंत होऊन सर्वांकडे पसरते. म्हणून वह्या ताडण्याचें काम दहा दिवसांच्या आंत एकदां झालेंच पाहिजे. मीं तें कॅलेंडरवर दर रविवारीं लिहून ठेवलें आहे.

गृहस्थांनीं या डेटाबेसच्या मोहांत पडण्यापूर्वीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, येथें वाटेल तो प्रश्न वाटेल तसा विचारतां येत नाहीं. किल्ली जर रजिस्टर क्रमांक असेल तर आडनांवावरून शोधणें अवघड. जुन्या ग्रंथालयांत ग्रंथकाराचें कार्ड निराळें, ग्रंथनामाचें निराळें, विषयाचें निराळें असे. तसें येथें एकच माहिती प्रश्नागणिक निराळ्या तक्त्यांत मुद्दाम पुन्हां लिहितात. दुसरी, नुकताच बांधलेला कॅसँड्रा कोणासहि परवलीचा शब्द विचारीत नाहीं. तो आपल्याच यंत्राशीं बोलत असतो तोंवर ठीक. बाहेर दार उघडण्यापूर्वीं ओळख विचारण्याची व्यवस्था केलीच पाहिजे, आणि ती चालू केल्यावर जें ठराविक नांव व परवलीचा शब्द मिळतो तोहि तत्काळ बदलला पाहिजे. मुलांच्या जाती व जन्मतारखा ही चव्हाट्यावर ठेवण्याची वस्तु नव्हे. आणि खरें सांगायचें तर एका शाळेच्या रजिस्टराला एवढा फौजफाटा लागतच नाहीं. एका फाइलींत मावणारा एसक्यूलाइटसारखा साधा डेटाबेस आणि त्याच्या निरनिराळ्या गांवीं ठेवलेल्या प्रती यांवर तें काम उत्तम भागेल. शेंकडों शाळांच्या नोंदी एकाच वेळीं शेंकडों हात लिहीत असतील तेथें कॅसँड्राचें काम.

हें सर्व झाल्यावर एके रात्रीं माझ्या ध्यानांत आलें कीं मीं पुन्हां तेंच केलें आहे. तीन नोड, तीन प्रती, कोरमचा एवढा विचार. आणि तिन्ही एकाच लॅपटॉपांत, एकाच टेबलावर. कपाट तेंच, फक्त खण तीन. सकाळीं पुतण्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला, "काका, हें तुम्हांला आपोआप कधीं सुचतें याचीच मी वाट पाहत होतों." या डेटाबेसास प्रत्येक नोड कोणत्या रॅकवर, म्हणजे कोणत्या फळीवर आहे तें सांगतां येतें, व सांगितलें तर तो प्रती शक्य तोंवर निरनिराळ्या फळ्यांवर ठेवतो. तेव्हां आम्हीं जुना समूह मोडला व नवा उभा केला. एक नोड पुण्यास पुतण्याकडे, एक सांगलीस माझ्याकडे, एक रत्नागिरीस माझ्या धाकट्या बहिणीकडे, जुन्या संगणकावर. तिघांमध्यें इंटरनेटवरून कुलूपबंद खाजगी वाट आहे, ती पुतण्यानें बांधली. नोंदी अजून अ, ब, क यांच्याच आहेत.

बहिणीकडे पावसांत वीज वारंवार जाते. दुपारीं हजेरी घेतली कीं तिसऱ्या ओळीपुढें डी-एन दिसतें. मी दूरध्वनि करीत नाहीं. दिवेलागणीला पुन्हां पाहतों. बहुधा तोंवर यू-एन झालेलें असतें, आणि दुपारच्या चिठ्ठ्या तिकडे पोहोंचलेल्या असतात. गेल्या आषाढांत एकदां चार तास झाले तरी ती ओळ आडवीच होती. त्या रात्रीं वीज आल्यावर रविवारची वाट न पाहतां मीं रिपेअरची आज्ञा दिली, आणि ती पुरी होईपर्यंत जेवण निवत बसलें.